घरची शुश्रूषा आणि तिचे नियमन

नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या कमी वजनाच्या बाळासाठी खासगी संस्थेकडून मदतनीस ठेवण्याची पद्धत आपल्या इंदूरातही रूढ झाली आहे. रुग्णालयात परिचारिकेच्या कामावर देखरेख असते. घरी ती कोणी ठेवायची, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या संदर्भात गडचिरोलीचा प्रयोग अभ्यासण्याजोगा आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांकरवी घरोघरी नवजात शिशूंची काळजी घेतली. ‘लॅन्सेट’मध्ये 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटला. या स्त्रियांपाशी वैद्यकीय पदवी नव्हती. परंतु नेमून दिलेली कामे, लेखी नोंदी आणि नियमित पर्यवेक्षण होते. माझ्या मते नियमनाचा गाभा हाच होय.

म्हणून मी पालकांना तीन गोष्टी पाहावयास सांगतो. परिचारिका म्हणून येणाऱ्या व्यक्तीची राज्य परिचर्या परिषदेत नोंदणी आहे काय? वजन, तापमान व दूध यांची रोज नोंद होते काय? मिनिटास 60 किंवा अधिक श्वास, छाती आत ओढली जाणे, अंग गार पडणे, दूध न ओढणे, झटके, यांपैकी काहीही दिसताच बाळाला त्वरित रुग्णालयात न्यावे, हे तिला ठाऊक आहे काय?

घराचे रुग्णालय करावयाचे नाही. परंतु मदतनीस पाठविणाऱ्या संस्थेस उत्तरदायी धरणारे नियम हवेत. त्यांचा आग्रह आपण डॉक्टरांनीच धरावयास हवा.