पगार वाढला, तर मोफत वकील जाईल का?

प्रश्न : मी बोरिवलीला माहेरी राहते. नवऱ्याविरुद्ध घरगुती हिंसाचाराची केस बोरिवली कोर्टात चालू आहे. मला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळाले. माझ्या भावालाही खोलीच्या वादात, कमी उत्पन्न दाखवून, तसेच वकील मिळाले आहेत. आता आम्हा दोघांनाही महिना २८ हजारांची नोकरी लागली. शेजारच्या काकू म्हणतात, ‘आता तुमचे वकील काढून घेणार.’ शिवाय माझे वकील लागोपाठ दोन तारखांना आलेच नाहीत. ते बदलून मिळतात का?
— एक वाचक, बोरिवली (पूर्व)

उत्तर : ताई, काकूंचं म्हणणं भावाबाबत खरं ठरू शकतं, तुमच्याबाबत नाही. कारण तुम्हा दोघांना मदत मिळाली ती वेगवेगळ्या दारांनी.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७चा. त्याचं कलम १२ मोफत वकील कुणाला, ते सांगतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक, आपत्तीग्रस्त अशी ती यादी आहे. या मंडळींना उत्पन्नाची अट नाही. तुम्ही स्त्री म्हणून पात्र आहात, तेव्हा पगार २८ हजार असो की ८०, पात्रता तीच. यादीत न बसणाऱ्यांसाठी मात्र उत्पन्नाची मर्यादा आहे आणि महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये. भावाचे २८ हजार गुणिले १२ म्हणजे ३ लाख ३६ हजार. मर्यादा ओलांडली.

म्हणून उद्याच त्याचे वकील उठून जातील असं नाही. परिस्थितीत मोठा बदल झाला, खोटी माहिती देऊन मदत मिळवली, वकिलांना सहकार्य केलं नाही, परस्पर दुसरा वकील नेमला, किंवा कायद्याचा गैरवापर केला, अशा कारणांनी मदत काढता येते. पण आधी नोटीस द्यावी लागते आणि तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. भावाने नव्या पगाराची माहिती स्वतःहून लेखी कळवावी. सांगितलेला बदल हा नुसता बदल असतो. लपवलेला बदल पुढे फसवणूक ठरू शकतो.

आता तुमच्या वकिलांविषयी. वकील बदलणं आणि मदत बंद होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुंबईतलंच उदाहरण घ्या. २६/११च्या दहशतवादी हल्ल्याच्या खटल्यात आरोपी अजमल कसाबला न्यायालयाने वकील दिला. एप्रिल २००९मध्ये अंजली वाघमारे यांची नेमणूक रद्द झाली, कारण त्याच हल्ल्यातल्या एका साक्षीदाराचं वकीलपत्र त्यांनी दुसऱ्या दाव्यात घेतलं होतं. मग अब्बास काझमी आले. कोर्टाला सहकार्य करत नाहीत, असं म्हणत न्यायाधीश टहलियानी यांनी नोव्हेंबर २००९मध्ये त्यांनाही दूर केलं, आणि काम त्यांचे साहाय्यक के. पी. पवार यांच्याकडे गेलं. वकील दोनदा बदलले, पण आरोपी वकिलाविना राहिला नाही. एवढ्या मोठ्या खटल्यात जे झालं, ते तुमच्या केसमध्ये व्हायला अडचण काय?

फक्त तक्रार तोंडी नको. कोर्टाचा रोजनामा काढा. कोणत्या तारखेला कोण हजर, कोण गैरहजर, हे त्यात लिहिलेलं असतं. ई-कोर्ट्स अ‍ॅपवर केसचा १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की तारखाही दिसतात. या तारखा घालून प्राधिकरणाच्या सचिवांना साधा मराठीत अर्ज द्या, एक प्रत शिक्का मारून घ्या. उपनगर जिल्ह्याचं कार्यालय वांद्र्याला आहे. तुमची केस त्या वकिलांकडून काढून दुसऱ्याकडे देण्याचा आणि त्यांना आपल्या वकिलांच्या यादीवरून, म्हणजे पॅनेलवरून, कमी करण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. सचिवांचा निर्णय पटला नाही, तर अध्यक्षांकडे अपील करता येतं.

दोन गोष्टी जपा. पॅनेलवरच्या वकिलाने पक्षकाराकडून फी किंवा कुठल्याही स्वरूपात पैसे घ्यायचे नसतात. कुणी ‘चहापाणी’ मागितलं, तर तेही अर्जात लिहा. आणि वैतागून परस्पर खासगी वकिलाचं वकीलपत्र दाखल करू नका. वर सांगितलंच आहे, मदत जाण्याचं तेही एक कारण आहे. तुमची तक्रार रास्त असूनही चूक तुमच्या खाती पडेल.

अर्ज कसा करायचा हे विचारायला १५१०० हा क्रमांक मोफत आहे. पुढच्या तारखेच्या आधी फोन करा.