झामियाला थंडी बाधेल का?

प्रश्न : घरात कुंडीतला झामिया आहे. हिवाळ्यात त्याला थंडी बाधेल का? पानांवर रोज पाणी फवारावं का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : नर्सरीवाले 'कार्डबोर्ड पाम' म्हणून विकत असले, तरी हा पाम नव्हे, बागेतल्या सायकसचा नातलग. मूळ मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ किनाऱ्यावरचा, म्हणून दव गोठेल अशी थंडी त्याला सोसत नाही. नगर जिल्ह्यात पारा कधीकधी १० अंशांखाली उतरतो, पण घरातल्या कुंडीला त्याचा धोका नाही. गच्चीवर असेल तर थंडीच्या लाटेत रात्री आत घ्या. १८ ते ३० अंशांत तो मजेत वाढतो.

खरी भीती थंडीची नाही, थंडीतल्या ओल्या मातीची. याचं जाड खोड बहुतेक मातीतच असतं आणि पाणी साठवतं. माती चिकट राहिली की ते कुजतं. हिवाळ्यात माती खोलवर सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. कुंडीखालच्या ताटलीतलं पाणीही ओतून टाका.

फवारणी कशाला? पानं चामड्यासारखी जाड आहेत, आपल्याकडची कोरडी हवा ती सहज सोसतात. बोअरच्या जड पाण्याने उलट पांढरे डाग पडतील. धूळ ओल्या फडक्याने पुसा, एवढं पुरे.

घरात कुत्रं-मांजर असेल तर मात्र कुंडी उंचावर ठेवा. बिया आणि पानं, दोन्ही विषारी आहेत.