टायमिंग साखळीची झीज : निदान आणि दुरुस्ती

नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून मोटारगाड्या येथे येतात. रात्रभर उघड्यावर उभी राहिलेली गाडी पहाटे सुरू करताना इंजिनाच्या पुढच्या अंगाकडून दोन-तीन सेकंद खडखड असा आवाज येतो आणि लगेच थांबतो. “गाडी जुनी झाली, आवाज करणारच,” असे म्हणून चालक गिअर टाकतो आणि गोष्ट तेथेच विसरली जाते. वस्तुतः तो आवाज ही एक सूचना असते. टायमिंग साखळी सहसा पूर्वसूचना न देता निकामी होत नाही. ती आधी बोलते, मग रखडते आणि शेवटी घात करते. पहिल्या पायरीवर तिचे म्हणणे ऐकले तर काही सुटे भाग बदलून काम भागते. तिसऱ्या पायरीवर मात्र व्हॉल्व्ह वाकतात, प्रसंगी पिस्टनलाही इजा होते आणि अख्खे इंजिन खोलावे लागते.

हा विषय केवळ कारागिरांचा नाही. कार्यालयाच्या गाडीचे दुरुस्तीचे अंदाजपत्रक मंजूर करणारे अधिकारी, पंचायत समितीच्या वाहनाचा खर्च तपासणारे सदस्य आणि बचतीतून जुनी गाडी घेणारे शिक्षक या सर्वांपुढे तो केव्हा ना केव्हा येतो. अशा वेळी सुटा भाग खरोखर झिजला आहे की नाही, हे समजून घेण्याची रीत माहीत असणे अगत्याचे आहे.

साखळीचे कार्य

इंजिनात क्रँकशाफ्ट दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. हे दोनास एक असे प्रमाण अचूक राखले गेले तरच हवा आत घेणारे व धूर बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह योग्य क्षणी उघडतात आणि मिटतात. ही सांगड कोठे दातेरी चक्रांनी, कोठे रबरी पट्ट्याने, तर कोठे पोलादी साखळीने घातलेली असते. उत्तरपारा येथे तयार होणाऱ्या अँबॅसेडरचे १४८९ घन सें.मी.चे पेट्रोल इंजिन आणि मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ घन सें.मी.चे इंजिन ही दोन्ही साखळीची होती. अँबॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पद्मिनीचे त्यापूर्वीच थांबले होते. याउलट १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये रबरी पट्टा होता. पुढे फियाटच्या रचनेचे १.३ लिटर डिझेल इंजिन आले. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही ते तयार होत असे. स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा अशा अनेक गाड्यांत ते बसविले गेले आणि त्यात पुन्हा साखळीच आली. म्हणून आपल्या गाडीत साखळी आहे की पट्टा, हे प्रथम माहितीपुस्तिकेत पाहावे. पट्टा ठरावीक किलोमीटरनंतर बदलावाच लागतो. साखळीला बहुधा अशी ठरावीक मुदत नसते, आणि त्यामुळेच तिच्याकडे दुर्लक्ष होते.

साखळी “ताणते” म्हणजे काय?

साखळी ताणली, असे आपण सहज म्हणतो. परंतु तिच्या पोलादी पट्ट्या रबराप्रमाणे लांबत नाहीत. झिजतात त्या सांध्यांतील पिना आणि त्यांभोवतीच्या बुशा. एका सांध्यातील झीज डोळ्यांना दिसतही नाही, परंतु सर्व सांध्यांची मिळून ती मोठी होते.

एक उदाहरण घेऊ. समजा, साखळीला ६० कड्या आहेत आणि दोन पिनांमधील अंतर ९.५२५ मि.मी. आहे. प्रत्येक सांधा केवळ ०.०५ मि.मी. झिजला तरी संपूर्ण साखळी ३ मि.मी. लांब होते. क्रँकशाफ्टच्या चक्राला २० व कॅमशाफ्टच्या चक्राला ४० दाते असतील, तर ओढ घेणाऱ्या बाजूला सुमारे १५ सांधे येतात आणि त्यांची लांबी पाऊण मि.मी. वाढते. तेवढ्याने व्हॉल्व्हची वेळ क्रँकशाफ्टच्या मापाने सुमारे दीड अंश मागे पडते. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरून चालत असेल तर ठिणगीही तितकीच उशिरा पडते. एवढ्याने गाडी बंद पडत नाही, फक्त थोडी मंदावते. पण सैल साखळीने एक दात ओलांडला, तर याच उदाहरणात एकदम १८ अंशांचा फरक पडतो. ज्या इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह यांमधील जागा कमी असते, तेथे आणखी दात ओलांडले गेल्यास दोहोंची टक्कर होते.

झीज लवकर का होते?

साखळीचे आयुष्य बहुतांशी इंजिन ऑइलवर अवलंबून असते. ऑइल तिच्या सांध्यांना वंगण देते आणि पुष्कळ इंजिनांत तिला ताणून धरणारा टेन्शनरही ऑइलच्या दाबावरच चालतो. ऑइल कमी पडले, जुने होऊन घट्ट झाले किंवा चुकीच्या प्रतीचे घातले गेले, तर पहिला भार साखळीवर पडतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तापलेले पातळ ऑइल आणि सिग्नलवर मंद गतीने चालणारे इंजिन यांमुळे दाब उतरतो. हिवाळ्यात थंड, जड ऑइल टेन्शनरपर्यंत पोचण्यास क्षणभर उशीर होतो आणि पहाटेचा खडखडाट ऐकू येतो. धुळीच्या रस्त्यांवर हवेचा फिल्टर वेळेवर बदलला नाही, तर सूक्ष्म कण ऑइलमध्ये मिसळून सांधे घासतात. वारंवार होणारा अगदी जवळचा प्रवासही ऑइलला घातक ठरतो.

निदानाचा क्रम

निदान स्वस्त तपासणीपासून सुरू करावे आणि खर्चिक खोलकामाने संपवावे.

पहिली पायरी ऑइलची. गाडी सपाट जागी उभी करून पातळी पाहावी, मागील बदलाची तारीख व किलोमीटर नोंदवहीत तपासावे. पातळी कमी असल्यास ती पूर्ण करून, ऑइल जुने असल्यास फिल्टरसह बदलून, मगच आवाजाचा विचार करावा. आवाज एवढ्याने थांबला तर पुढील खर्च तूर्त वाचतो. मात्र ऑइल कमी का झाले, याचा शोध घेतलाच पाहिजे.

दुसरी पायरी ऐकण्याची. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाच्या पुढील झाकणावर टेकवून मूठ कानाजवळ धरल्यास आवाजाचे ठिकाण कळते. हे करताना पंखा व पट्ट्यापासून हात, सैल कपडे आणि उपरणे दूर ठेवावे. टॅपेटचा टकटक आवाज वरच्या झाकणाशी अधिक येतो. पाण्याच्या पंपाचे किंवा डायनामोचे बेअरिंगही साखळीसारखेच बोलते. शंका असल्यास इंजिन बंद करून बाहेरचा पट्टा काढावा आणि इंजिन जास्तीत जास्त अर्धा मिनिट चालवावे. आवाज गेला तर दोष साखळीचा नव्हे, बाहेरच्या भागांचा आहे.

तिसरी पायरी मोजण्याची. टेन्शनर नसलेल्या जुन्या पेट्रोल इंजिनात एक सोपी परीक्षा करता येते. बॅटरीची तार काढून डिस्ट्रिब्युटरचे झाकण उघडावे. पुलीवरील खूण पाहत क्रँकशाफ्ट पान्याने सुलट फिरवावा आणि मग हळूहळू उलट फिरवावा. रोटर हलू लागेपर्यंत पुली किती अंश रिकामी फिरते, ते टिपावे. हे अंतर १० अंशांच्या पुढे गेले तर पुढचे झाकण उघडून पाहण्यास सबळ कारण आहे. या आकड्यात डिस्ट्रिब्युटरच्या चक्रांचा सैलपणाही मिसळलेला असतो, हे विसरू नये. टेन्शनर असलेल्या इंजिनात मात्र ही परीक्षा मुळीच करू नये. उलट फिरविल्याने साखळी सैल पडून दात सुटण्याचा धोका असतो.

अलीकडच्या गाड्यांत संगणकीय तपासणी यंत्र जोडता येते. क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ जुळत नसल्याचा पी००१६ हा दोषांक त्यावर दिसल्यास साखळीचा संशय बळावतो. तथापि सेन्सर किंवा त्याची तार बिघडली तरी हाच अंक उमटू शकतो. दोषांक हा पुरावा नव्हे, तो तपासाची दिशा दाखवितो.

भाग बदलताना

झाकण उघडण्याचे ठरल्यावर बॅटरी सोडवावी, पट्टे काढावेत आणि पुली पुलरनेच ओढावी. हातोड्याने ठोकल्यास क्रँकशाफ्टला इजा होते. पुलीमागे ऑइल उडविणारी चकती असल्यास तिची कोणती बाजू पुढे होती, ते लिहून ठेवावे. पुढची साखळी काढण्यापूर्वी क्रँकशाफ्ट फिरवून दोन्ही चक्रांवरील खुणा समोरासमोर आणाव्यात. काही नवीन इंजिनांत खुणांऐवजी कॅमशाफ्ट व फ्लायव्हील जागीच अडकविणाऱ्या खास पिना लागतात. त्या नसतील तर हे काम हाती घेऊच नये.

काढलेल्या भागांची परीक्षा उजेडात करावी. साखळी आडवी धरली असता नव्या साखळीपेक्षा अधिक वाकली, तर सांधे झिजले आहेत. चक्रांचे दाते एका बाजूला झुकून आकड्यासारखे दिसतात काय, चक्राची चावी खाचेत सैल आहे काय, टेन्शनरच्या घासणाऱ्या तळव्यावर खोल चऱ्या पडल्या आहेत काय, ऑइलची बारीक वाट तुंबली आहे काय, हे सर्व पाहावे. तळव्याचे तुकडे पडले असतील तर ते चेंबरमध्ये गेलेले असतात. चेंबर उघडून ऑइल पंपाची जाळी साफ केल्यावाचून नवे भाग बसवू नयेत.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की हे भाग संचानेच बदलावेत. साखळी, दोन्ही चक्रे, टेन्शनर, मार्गदर्शक पट्टी, ऑइल सील आणि गॅस्केट एकत्र बदलण्यात काटकसर आहे. झिजलेल्या दात्यांवर नवी साखळी चढविली तर तीही लवकर झिजते आणि मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

बसविताना चक्रे एका रेषेत आहेत की नाही, ते सरळ पट्टीने पाहावे. साखळीला ऑइल लावावे, बोल्ट टॉर्क पान्याने नेमक्या मापाला आवळावेत. झाकण पक्के करण्यापूर्वी पुली बसवून ऑइल सील मध्यावर आणावे, नाही तर गळती सुरू होते. मग इंजिन हाताने सुलट दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही अडथळा आल्यास जोर न लावता थांबावे. दोन फेऱ्यांनंतर चक्रांवरील खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. साखळीवरील रंगीत कड्या मात्र जुळणार नाहीत, त्यात चूक नाही. शेवटी पेट्रोल इंजिनात ठिणगीची वेळ पुन्हा लावावी.

बिल मंजूर करण्यापूर्वी

१ एप्रिल २०२३ पासून शासकीय विभाग, महापालिका, नगरपालिका, पंचायती व सार्वजनिक उपक्रम यांच्या १५ वर्षे पूर्ण झालेल्या वाहनांची नोंदणी रद्द करण्याचा नियम लागू झाला. सर्वसामान्यांच्या खासगी मोटारीस १५ वर्षांनंतर प्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. त्यामुळे चौदा वर्षांच्या शासकीय गाडीवर मोठा खर्च करावा काय, किंवा सुस्थितीतील खासगी गाडी केवळ एका आवाजासाठी मोडीत काढावी काय, हे प्रश्न वारंवार उभे राहतात. त्यांचे उत्तर अंदाजाने देऊ नये. मंजुरी देणाऱ्याने चार गोष्टी मागाव्यात : ऑइल बदलाची नोंद, आवाज कोठून येतो याची लेखी तपासणी, मोजमापाचा आकडा किंवा दोषांक, आणि काढलेले जुने भाग. जुने भाग समोर मेजावर ठेवले की झीज खरी की खोटी, हे तांत्रिक शिक्षण न घेतलेल्या माणसालाही बव्हंशी कळते.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकच्या वर्गात हेच झिजलेले भाग उत्तम अभ्याससाहित्य ठरू शकतात. जुनी आणि नवी साखळी शेजारी-शेजारी ठेवून विद्यार्थ्याने स्वतः फरक मोजला, तर ऑइल वेळेवर का बदलावे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. नागपूरच्या थंडीत पहाटे ऐकू येणारा तो दोन सेकंदांचा खडखडाट चालकाने त्याच दिवशी नोंदवहीत लिहावा. योग्य वेळी केलेली एवढी नोंद पुष्कळदा इंजिन वाचविते, सार्वजनिक पैसा वाचविते आणि रुग्णाला घेऊन निघालेली गाडी आडरानात बंद पडण्याचा प्रसंगही टाळते.