खताचा नमुना असा काढा

गुणनियंत्रण निरीक्षक म्हणून नव्यानं रुजू झालात आणि उद्या पहिलं कृषी सेवा केंद्र गाठायचंय? चला, मी आहे शेजारी. एका दुकानातून एका खताचा एकच नमुना काढू, पण पक्का काढू. खत (नियंत्रण) आदेश, १९८५ नं जो क्रम घालून दिलाय, त्याच क्रमानं जायचं. पिशवीत तपशिलाची चिठ्ठी जाण्याआधी सील लागलं, की समोरच्या वकिलाला आयतं कोलीत मिळतं.

साहित्य

स्टेनलेस स्टीलचा किंवा पितळेचा प्रोब (साधारण ६० ते ६५ सें.मी. लांब, एका बाजूला खाच असलेली नळी), स्टीलचा पेला, जाड स्वच्छ प्लास्टिकची शीट, कोरडं फडकं, छोटा वजनकाटा. तीन जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणि तीन कापडी पिशव्या. सुतळी, दाभण, चिकटपट्टी, लाख, मेणबत्ती, काडेपेटी. ‘जे’ आणि ‘के’ फॉर्म, कार्बन, दोन पेनं. आणि तुमचा शिक्का. तो ऑफिसात राहिला असेल तर पुढचं वाचू नका, आधी जाऊन घेऊन या.

कृती

१. दुकानात शिरताच ओळखपत्र दाखवा आणि कशासाठी आलात ते सांगा. “साहेब, आधी चहा घ्या” होईलच. काम झाल्यावर घेऊ म्हणा. तुम्ही चहावर फुंकर मारत बसता, तेवढ्यात मागे गोदामातल्या थप्प्या हलू शकतात.

२. परवाना पाहा. मुदत, गोदामाचा पत्ता आणि ज्या कंपनीचं खत तपासणार तिचा ‘ओ’ फॉर्म (स्रोत प्रमाणपत्र), तिन्ही जुळायला हवेत. पत्ता एका गोदामाचा आणि माल दुसऱ्याच गोदामात असेल, तर तिथेच नोंद करा.

३. साठा जुळवा. रजिस्टरवरचा आकडा, पॉस मशीनवरचा आकडा आणि गोदामात स्वतः मोजलेली पोती, तिन्ही शेजारी शेजारी लिहा. “ती दहा पोती शेतकऱ्यानं पैसे भरून ठेवलीत” असं ऐकू आलं, तर बिल मागा. फरक आढळला तर आकडा आहे तसाच लिहा. रजिस्टर दुरुस्त करायला वेळ देऊ नका.

४. नमुन्यासाठी कोरडी, सावलीतली जागा निवडा. ऊन नको, पावसाची झड नको, आणि डोक्यावरचा पंखा बंद करा. पावसाळ्यात युरिया हवेतला ओलावा बघता बघता ओढतो, म्हणून दाराजवळ बसू नका.

५. लॉट ठरवा. एकच कंपनी, एकच ग्रेड, एकच बॅच म्हणजे एक लॉट. थप्पीत दोन बॅच दिसल्या तर ते दोन लॉट झाले. १०:२६:२६ च्या थप्पीत २०:२०:०:१३ ची चार पोती घुसलेली असतात, म्हणून प्रत्येक पोत्यावरचा छापील मजकूर वाचा. रंगावर जाऊ नका.

६. किती पोती निवडायची ते ठरवा. लॉटमध्ये दहापेक्षा कमी पोती असतील तर १, शंभरपर्यंत २, दोनशेपर्यंत ३, चारशेपर्यंत ४, सहाशेपर्यंत ५. तालुक्याच्या दुकानात बहुधा दोन-तीन पोत्यांवर काम भागतं.

७. पोती मोजून निवडा. लॉटमधल्या पोत्यांच्या संख्येला निवडायच्या पोत्यांच्या संख्येनं भागा. ८४ पोती आणि २ निवडायची, तर ८४ ÷ २ = ४२. कुठल्याही पोत्यापासून मोजायला लागा आणि प्रत्येक बेचाळिसावं पोतं बाहेर काढा. “हे पुढचं घ्या ना मॅडम, सोपं पडेल” याला हसून नाही म्हणा. थप्पी छताला टेकलेली असेल आणि मोजणं शक्यच नसेल, तर वरून आणि उघड्या बाजूंनी वेगवेगळ्या थरांतली पोती नागमोडी पद्धतीनं निवडा.

८. निवडलेल्या पोत्याची शिवण तपासा. ती कारखान्यातल्या मशीनची आणि अखंड हवी. उघड्या पोत्यातून काढलेल्या नमुन्यावर कंपनी म्हणणार भेसळ दुकानात झाली, दुकानदार म्हणणार माल असाच आला, आणि दोघांच्या मध्ये तुम्ही.

९. पोत्यावरचा मजकूर उतरवून घ्या. कंपनीचं नाव, ग्रेड, घटकांचं प्रमाण, बॅच क्रमांक, उत्पादनाचा महिना, निव्वळ वजन, किंमत. हे पोतं उघडण्याआधीच करा. नंतर हात खतानं भरतात आणि बॅच क्रमांकातला ३ आणि ८ एकच दिसायला लागतो.

१०. प्रोब आणि पेला कोरड्या फडक्यानं पुसा. पाण्यानं धुवायचा मोह आवरा. आधीच्या दुकानातल्या डीएपीचे दोन-चार दाणे युरियात गेले, तरी नमुना बाद समजा.

११. प्रोब पोत्याच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरका घाला. खाच खाली ठेवून आत सारा, आत गेल्यावर अर्धा फेरा देऊन खाच वर करा, नळी भरू द्या, मग ओढा. एका वेळी जेमतेम मूठभर खत येतं, म्हणून वेगवेगळ्या कोपऱ्यांतून पुन्हा पुन्हा घाला. प्रत्येक पोत्यातून सारखंच खत घ्या. खत दगडासारखं बसलं असेल किंवा पोत्याची वीण प्रोबला दाद देत नसेल, तर जोर लावू नका. शिवण उसवा, खत शीटवर ओता आणि पेल्यानं ठिकठिकाणाहून घ्या.

१२. सगळ्या पोत्यांतलं खत शीटवर एकत्र करून खालीवर नीट मिसळा. हात घालू नका, पेला वापरा. घामट तळवा आणि युरिया यांचं जमत नाही.

१३. आता ढीग कमी करा. या पायरीवर नवे लोक सगळ्यात जास्त घाई करतात, म्हणून सावकाश. ढीग पसरवून सपाट करा. पेल्याच्या कडेनं अधिक चिन्हासारख्या दोन रेघा ओढा, भाकरीचे चार चतकोर करतात तशा. तिरके समोरासमोरचे दोन चतकोर बाजूला सारा. उरलेले दोन एकत्र करून पुन्हा ढीग घाला, पुन्हा सपाट करा. गरजेइतकं वजन उरेपर्यंत हेच चालू ठेवा. बाजूला सारताना त्या भागातली भुकटीही पुसून न्या. दाणे उचलले आणि भुकटी मागे राहिली, तर घटकांचं प्रमाण बदलतं. आणि ढीग अडीच किलोपेक्षा कमी असेल तर ही पायरी सोडून द्या. निम्मं खत बाजूला गेल्यावर तीन नमुने भरणार नाहीत.

१४. उरलेल्या खताचे तीन सारखे भाग करा, प्रत्येकी सुमारे ४०० ग्रॅम. काट्यावर घ्या, अंदाजावर नको.

१५. प्रत्येक भाग लगेच एकेका प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड हवाबंद बांधा. आतली हवा आधी दाबून काढा, नाहीतर लाख लावताना पिशवी फुग्यासारखी टम्म उभी राहते.

१६. ‘जे’ फॉर्म दोन प्रतींत भरा. एकही रकाना मोकळा ठेवू नका. लागू नसेल तिथे रेघ मारा. तारीख आजची, वेळ आत्ताची. “फॉर्म ऑफिसात बसून निवांत भरू” हा विचार मनात आला तर चिमटा काढा.

१७. ‘जे’ फॉर्ममधल्या तपशिलाच्या तीन चिठ्ठ्या लिहा आणि एकेका कापडी पिशवीत, प्लास्टिकच्या पिशवीबाहेर ठेवा. खताला टेकलेली चिठ्ठी महिनाभरात विरघळल्यासारखी होते आणि शाई पसरते.

१८. प्लास्टिकची पिशवी कापडी पिशवीत घालून तोंड सुतळीनं घट्ट बांधा. गाठ अशी मारा की सील न तोडता सुटणार नाही. एकदा स्वतः ओढून पाहा.

१९. गाठीवर लाख ओता आणि ती ओली असतानाच शिक्का दाबा. मेणबत्तीच्या ज्योतीत लाख जास्त धरली की काजळी धरते आणि अक्षरं उठत नाहीत. शिक्क्याला आधी किंचित ओलं बोट लावा, लाख चिकटणार नाही. दुकानदाराकडे स्वतःचा शिक्का असेल तर तोही शेजारी उमटवून घ्या. अक्षरं वाचता आली नाहीत तर लाख खरवडून पुन्हा लावा. अर्धवट उठलेल्या सीलला सील म्हणत नाहीत.

२०. कापडी पिशवीवर बाहेरून नमुना क्रमांक लिहा. तिन्हींवर एकच क्रमांक आहे ना, मोठ्यानं वाचून पाहा.

२१. ‘जे’ फॉर्मच्या दोन्ही प्रतींवर दुकानदाराची सही घ्या.

२२. एक नमुना आणि ‘जे’ फॉर्मची एक प्रत दुकानदाराच्या हातात द्या. तो नमुना जपून ठेवायला सांगा, कारण निकालावर वाद झाला तर फेरतपासणीला हा किंवा तिसरा, यांतलाच एक जातो. “द्या टेबलावर ठेवून” म्हणाला तरी हातातच द्या.

२३. पोत्यांचं नुकसान भरून काढा. उरलेलं खत त्याच पोत्यांत परत घाला, उसवलेली शिवण दाभणानं शिवा, भोकांवर चिकटपट्टी लावा. ही पोती रजिस्टरवर नमुन्यासाठी उघडलेली म्हणून नोंदवा. दुकानदार तुमचा वैरी नाही. त्याचा माल नासवून निघून जाणं अधिकाऱ्याला शोभत नाही.

२४. आता चहा घ्या. स्वतःचे पैसे द्या.

२५. दुसरा नमुना ‘के’ फॉर्मसह खत चाचणी प्रयोगशाळेला पाठवा. नमुना काढल्यापासून ७ दिवसांच्या आत तो रवाना व्हायलाच हवा. शनिवार-रविवार त्यातच मोजले जातात. ‘के’ फॉर्मवर खताचा प्रकार आणि कोड क्रमांक असतो, दुकानाचं नाव नाही. सोबतच्या पत्रात चुकून ते लिहून बसू नका.

२६. तिसरा नमुना तुमच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे सुरक्षित ठेवण्यासाठी जमा करा आणि पोच घ्या. स्वतःच्या कपाटात ठेवू नका, बदली झाली की शोधाशोध होते.

२७. पुढच्या तारखा डायरीत टाका. प्रयोगशाळेला अहवालासाठी ३० दिवस आहेत, आणि निकाल हाती आल्यावर तो संबंधितांना कळवायला १५ दिवस. अहवालाची वाट पाहताना दुकानदाराचा फोन येईल, “साहेब, पास का?” कळेल तेव्हा लेखीच कळवू, एवढंच सांगा.

पुढच्या दुकानात शिरण्याआधी प्रोब पुसून घ्या आणि शिक्का खिशात आहे ना, ते चाचपून बघा.