बबलवरचा एक्का-राजा

ऑनलाइन पोकरच्या छोट्या स्पर्धा शिकायच्या असतील, तर पानांआधी बक्षिसांचा तक्ता पाठ करा. माझं शिकणं उलट्या क्रमाने झालं. कुठल्या पानांवर रेझ, कुठल्यांवर फोल्ड, सगळं तोंडपाठ. आणि नऊ जणांच्या सिट-अँड-गोमध्ये मी सारखा चौथा. पैसे तिघांनाच मिळतात, साधारण 50, 30 आणि 20 टक्के. चौथ्याला काहीच नाही, जागरण तेवढं पहिल्याइतकंच.

चौघे उरलेत, म्हणजे पैशांच्या एक पाऊल अलीकडे, ज्याला बबल म्हणतात, आणि चौघांकडे सारख्या चिप्स आहेत असं धरा. प्रत्येकाचा वाटा बक्षिसाच्या 25 टक्के. समोरच्याने ऑल-इन केलं, तुम्ही कॉल केलं आणि जिंकलात. चिप्स दुप्पट झाल्या. वाटा? तो जेमतेम 38 टक्क्यांवर जातो, कारण पहिल्या नंबरलाच मुळी 50 टक्के आहेत आणि तो नंबर अजून यायचाय. हरलात तर मात्र 25 च्या 25 गेले. म्हणजे 13 साठी 25 पणाला! ब्लाइंड बाजूला ठेवले, तर असा कॉल परवडायला साधारण 65 टक्के वेळा जिंकावं लागतं. आता हातात बदामचा एक्का आणि इस्पिकचा राजा आहे. समोरच्याने स्वतःची पानं न बघताच सगळं ढकललं (ऑल-इन केलं) असेल, तरी हा हात 65 टक्क्यांच्याच आसपास जिंकतो. त्याने पानं बघितली असतील, तर हिशेब तुमच्या विरुद्ध. आणि पानं बहुतेक जण बघतात.

या हिशेबाला आयसीएम म्हणतात. त्याची दुसरी बाजू सुखाची: आधी तुम्ही ढकललंत, तर हीच पंचाईत समोरच्याची होते. म्हणून बबलवर ढकलताना सढळ, कॉल करताना कंजूष. शेजाऱ्याकडे एखाद्या ब्लाइंडपुरत्याच चिप्स उरल्या असतील, तर चांगली पानंसुद्धा सोडा आणि त्याला आधी जाऊ द्या. हे मला सगळ्यात जड गेलं.

आता फीचं. शंभराच्या प्रवेशातले दहा साइटचे असतील आणि सगळे सारखेच हुशार असतील, तर प्रत्येक जण सरासरी दर खेळाला दहा रुपये हरतो. आपल्याकडे ऑक्टोबर 2023 पासून ठेवीच्या पूर्ण रकमेवर 28 टक्के जीएसटी आला, निव्वळ जिंकलेल्यावर 30 टक्के टीडीएस त्याआधीच होता. छोट्या रकमांच्या खेळात एवढं भरून वर उरवणारे फार नसावेत. ऑगस्ट 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळच बंद केले, पोकरसकट. ‘परदेशी ॲप आहे, चालतं’ म्हणून कुणी लिंक पाठवली तर उघडू नका. पैसे अडकले तर दाद मागणार कुणाकडे?

नात्यातला एक मुलगा ब्रिटनमध्ये शिकतो. तिथे परवाना घेतलेल्या साइटवर खेळता येतं. त्याने विचारलं तेव्हा त्याला दोन गोष्टी सांगितल्या. खर्चाला लागणारे पैसे त्यात घालायचे नाहीत, आणि शंभर खेळांच्या निकालावरून स्वतःला हुशार किंवा मूर्ख ठरवायचं नाही. तेवढ्यात नशीबच जास्त बोलतं. निर्णय तपासायचे. चौथा आलेला प्रत्येक खेळ दुसऱ्या दिवशी उघडायचा, चारही जणांच्या चिप्स आयसीएम कॅल्क्युलेटरमध्ये भरायच्या, आणि तो शेवटचा कॉल परवडत होता का ते बघायचं. जिंकलेले कॉलही तसेच तपासायला सांगितले होते. ते तो अजून टाळतो.