अंथरूण पाहून पाय पसरावेत... पण विमानात?

सुरुवातीलाच एक कबुली. मी आजवर एकदाही विमानात बसलेली नाही. दुसरी कबुली अशी की माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे मराठीत एवढं मोठं काही लिहायची ही पहिलीच वेळ. म्हणजे ज्याचा अनुभव नाही त्या गोष्टीबद्दल, जिची सवय नाही त्या भाषेत मी लिहिणार! ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. पण हा विषय मी सेमिस्टरच्या कुठल्याही विषयापेक्षा जास्त मन लावून अभ्यासलाय, कारण त्याची परीक्षा माझ्या आईची होती.

झालं असं. आम्ही कवठे महांकाळचे. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. ताई लग्न होऊन न्यू जर्सीला असते. तिच्या बाळंतपणाला आईने जायचं ठरलं. अडचण एकच होती. दोन वर्षांपूर्वी आईचा पाय मोडला होता, आणि प्लास्टर असताना पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. उपचार झाले, ती बरी झाली. डॉक्टरांनीही प्रवासाला हो म्हटलं, पण "जपून" हा शब्द तीनदा वापरला. तो शब्द ऐकून ताई आणि दाजींनी सरळ बिझनेस क्लासचं तिकीट काढलं. झोपून जाता येईल म्हणून. पप्पांनी आकडा ऐकला आणि एवढंच म्हणाले, "ह्यात एक शेड उभं राहिलं असतं."

आईची काळजी मात्र वेगळीच होती. "आगं, तिथं ती खुर्ची उलगडायची कशी? पांघरूण परत द्यायचं का आणायचं? कुणी हसलं म्हंजे?" मी म्हटलं, मी तुला एका पानावर सगळं लिहून देते. तो माझा अभ्यास, आणि हा त्याचा रिपोर्ट.

१. आधी हवा समजून घेऊ

विमान ३५ हजार फुटांवर उडतं, पण आतला दाब तेवढा कमी नसतो. हवा दाबून आत भरलेली असते. नियमाप्रमाणे केबिनमधला दाब जास्तीत जास्त ८००० फूट उंचीवरच्या हवेइतका खाली जाऊ शकतो. बोइंग ७८७ सारख्या नव्या विमानात तो ६००० फुटांच्या आसपास ठेवतात. आता तुलना करा. महाराष्ट्राचं सर्वात उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे साधारण ५४०० फूट. म्हणजे विमानातला माणूस रात्रभर कळसूबाईच्याही वर झोपलेला असतो! प्राणवायू थोडा कमी मिळतो, झोप हलकी लागते, मधेमधे जाग येते. त्यात आपली काही चूक नसते.

बॉइलचा नियम आपण अकरावीत पाठ केला. दाब कमी झाला की वायू फुगतो. ८००० फुटांच्या दाबाला पोटातला वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. म्हणून पानावर पहिली सूचना लिहिली: निघण्याआधी मटकीची उसळ खायची नाही. आई म्हणाली, "हे इंजिनिअरिंगला शिकवतात?"

दुसरी गोष्ट कोरडेपणा. बाहेरची हवा उणे ५० अंशांच्या आसपास असते, तिच्यात बाष्प जवळजवळ नसतंच. तीच हवा दाबून, तापमान जुळवून आत घेतात. त्यामुळे लांबच्या प्रवासात केबिनमधली आर्द्रता १० ते २० टक्क्यांवर येते. आमच्या भागात बेदाणा होतो तो याच तत्त्वावर. कोरडी हवा आणि जाळीवर पसरलेली द्राक्षं. आईला आर्द्रतेची टक्केवारी सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "पंधरा-सोळा तास तू शेडमधल्या जाळीवर आहेस असं समज." तिला लगेच कळलं. पाणी थोडं थोडं पण सारखं प्यायचं, ओठांना आणि हातांना क्रीम लावायचं. चहा-कॉफी बेतानंच. मद्याचा प्रश्न आमच्याकडे नव्हता, पण ज्यांचा आहे त्यांच्यासाठी: मद्याने डोळा लवकर लागतो, पण झोप तुटक होते.

२. खुर्ची की खाट?

आमच्या स्टेशनातून पूर्वी अडीच फुटी रुळांची बार्शी लाईट रेल्वे जायची. आजोबा तिच्यातून पंढरपूरला जायचे. उशाला पिशवी, पांघरायला धोतर. प्रवासातली झोप म्हणजे एवढंच! विमानातसुद्धा सुरुवातीला फार वेगळं नव्हतं. एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान 'मलबार प्रिन्सेस' ८ जून १९४८ ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. १९४६ मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी घडवलेला तो वाकून स्वागत करणारा महाराजा प्रवाशाला राजासारखं वागवायचं वचन देत होता, पण राजालाही रात्र बसूनच काढायची होती. पुढे खुर्च्या मागे झुकू लागल्या. बिझनेस क्लासमध्ये पूर्ण आडवी होणारी खुर्ची ब्रिटिश एअरवेजने २००० मध्ये आणली आणि मग सगळ्यांनाच ती आणावी लागली.

मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून मला ही खुर्ची फार आवडली. बटण दाबलं की छोट्या मोटर्स बैठक पुढे सरकवतात, पाठ खाली येते, पायाखालचा भाग वर येतो आणि सगळं एका पातळीत मिळतं. वजन कमीत कमी हवं, पण अपघातात १६ जी इतका धक्का सोसण्याची चाचणीही खुर्चीला द्यावी लागते. उड्डाण आणि उतरताना ती सरळ का ठेवायची, याचं उत्तरही सुरक्षिततेत आहे. खुर्ची सरळ असली की पट्टा नीट बसतो आणि बाहेर पडायची वाट मोकळी राहते. "झोपले होते" ही सबब तिथे चालत नाही. आणि झोपताना पट्टा पांघरुणाच्या वरून बांधायचा, म्हणजे तो बांधलाय की नाही ते बघायला कुणी आपल्याला उठवत नाही.

इथे माझी खरी पंचाईत झाली. 'रिक्लाइन'ला मराठीत काय म्हणायचं? शब्दकोश उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "पाठ सोडायची." आणि ती जाड, मऊ रजई? "वाकळ की!" पान माझं होतं, पण निम्मे शब्द आईचे.

३. मला बसलेला धक्का

आता सगळ्यात महत्त्वाचं. आम्ही सगळे समजत होतो की महाग तिकीट म्हणजे गाठीपासून संरक्षण. 'इकॉनॉमी क्लास सिंड्रोम' हा शब्द तुम्हीही ऐकला असेल. पण अभ्यास करताना कळलं की हे नावच फसवं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून जास्त प्रवासात रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तो तरीही कमीच, सुमारे ६००० मध्ये १. पण कारण तिकिटाचा वर्ग नाही, न हलणं हे आहे. हेच बस, रेल्वे आणि मोटारीलाही लागू आहे. ज्याला आधी गाठ झाली आहे त्याला धोका जास्त.

पायातलं रक्त वर ढकलायचं काम पोटरीचे स्नायू करतात. पोटरी म्हणजे पंपच. पंप बंद तर प्रवाह मंद. मग मऊ गादीवर गोळी घेऊन सलग आठ तास निपचित पडलेला माणूस आणि अरुंद खुर्चीत अडकलेला माणूस, पंपाच्या दृष्टीने दोघे सारखेच! ज्या गादीसाठी ताईने एवढे पैसे भरले, त्या गादीवर आईने रात्रभर झोपू नये असं मला लिहावं लागणार होतं. मी ते डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे. झोपेची गोळी नको, गुडघ्याखालपर्यंतचे घट्ट मोजे घालायचे, आणि औषधाचं ते स्वतः बघतील. (तुमच्या घरी असं कुणी असेल तर कृपया माझ्या लेखावर नाही, डॉक्टरांवर विसंबा.)

आणखी एक लक्षात आलं. कवठ्याहून मुंबईचा विमानतळ म्हणजे गाडीने आठ-नऊ तास. म्हणजे प्रवासाचं घड्याळ विमानात नाही, घराच्या दारातच सुरू होतं. म्हणून कराडला उतरून चालायचं, साताऱ्याला चालायचं, पुण्याच्या अलीकडे पुन्हा. पप्पा कुरकुरले, पण प्रत्येक ठिकाणी गाडी थांबवली त्यांनीच.

४. रीत

आपल्याकडे रेल्वेत झोपेचीसुद्धा नियमावली आहे. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच वेळ उघडायचा, हा २०१७ पासूनचा नियम. आजारी, अपंग आणि गरोदर प्रवाशांना त्यात सवलत द्यायची. एसी डब्यात चादरी, उशी, ब्लँकेट मिळतं. कोविडमध्ये २०२० साली ते बंद झालं होतं, मार्च २०२२ पासून परत सुरू झालं. ते वापरायचं आणि तिथेच ठेवायचं, हे लिहिलेलं असूनही चादरी घरी जातातच. विमानातली बरीचशी रीत मात्र कुठे लिहिलेली नसते. म्हणून आईच्या पानावरची यादी इथे देते:

– छोट्या पाऊचमध्ये डोळ्यांवरची पट्टी, मोजे, ब्रश, क्रीम असतं. ते आपलं. घरी आणायला हरकत नाही. सपाता दिल्या तर त्याही.

– वाकळ, उशी आणि हेडफोन विमानाचे. खुर्चीवर ठेवून उतरायचं. काही ठिकाणी रात्रीचे कपडे देतात, ते न्यायचे की नाही हे विचारायचं. विचारण्यात लाज नाही, न विचारता पिशवीत घालण्यात आहे.

– संडासात मोज्यांवर जायचं नाही. फरशीवरचं पाणी पाणीच असेल असं नाही.

– बाम झोपायच्या आधी चोळायचा नाही. बंद केबिनमध्ये तुझ्या एका गुडघ्याचा वास वीस जणांना येतो. लसणाच्या चटणीचा डबाही उघडायचा नाही.

– खिडकीची झडप आणि डोक्यावरचा दिवा लावण्याआधी शेजारी बघायचं. मोबाईलवर कीर्तन ऐकायचं तर कानात घालून.

– बोलावण्याचं बटण म्हणजे घंटा नव्हे. पण पाय दुखला, श्वास लागला, छातीत दुखलं तर क्षणभरही संकोच करायचा नाही. त्या मुली आधी सुरक्षेसाठी आहेत, वाढण्यासाठी नंतर.

– दोन-अडीच तास झोप, मग एक फेरी. झोपेतून जाग आली की पाऊल वर-खाली, वीस वेळा.

न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. शरीराला जुळवून घ्यायला साधारण रोज एक तास लागतो, म्हणून पोहोचल्यावर चार-पाच दिवस पहाटे तीनला जाग आली तर घाबरू नकोस, असंही शेवटी लिहिलं.

निकाल

मे महिन्यात आई गेली. पोहोचल्याचा फोन आला तेव्हा माझा पहिला प्रश्न पायाचा. पाय ठीक होता. दोन तुकड्यांत पाच तास झोपली, मध्ये पाच-सहा फेऱ्या मारल्या. उतरताना तिने वाकळीची चौघडी केली, वर उशी ठेवली, घरी ठेवते तश्शी. हवाई सुंदरीने हात जोडून तिला नमस्कार केला म्हणे.

मी खूश! म्हटलं, "म्हणजे माझं पान कामाला आलं." आई जरा थांबली. म्हणाली, "आलं की. पर त्या संडासाचं दार कसं उघडायचं ते तू लिवलंच नव्हतंस. मी ढकलतीय, वढतीय, काय हुईना. शेवटी एका आजोबांनी दाखवलं. मधोमध दाबायचं असतंय ते."

मधोमध दुमडणारं दार! १६ जी लिहिलं, बॉइल लिहिला, मोटर्स लिहिल्या. पण ज्या दारासमोर माझी आई ताटकळत उभी राहणार होती, ते माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. कारण मला जे भारी वाटलं ते मी लिहिलं, तिला जे लागणार होतं ते मी विचारलंच नाही. उद्या आपण इंजिनिअर होऊन कुणासाठी तरी काहीतरी बनवणार आहोत, तेव्हा हे दार लक्षात ठेवा.

ताईला मुलगी झाली. परत येताना आईने ते पान जपून आणलं. त्याच्या शेवटी पेनाने, तिच्या अक्षरात, एक ओळ वाढवलेली आहे: "दार मधी दाबावे." पुढच्या वेळी पप्पा जाणार आहेत, त्यांच्यासाठी.