तुझं गाव कुठलं?

पुण्यातून अमेरिकेत गेले, तिथली नागरिक झाले आणि गणिताची शिक्षिका म्हणून थेट जर्मनीत पोचले. परदेशी तळांवरच्या सैनिकांच्या मुलांसाठी अमेरिकेने १९४६ साली तिथे शाळा सुरू केल्या होत्या. त्यांतल्याच बव्हेरियातल्या एका शाळेत जे शिकले, ते असं.

१. मुलांना गाव विचारू नये. पहिल्याच आठवड्यात एका नव्या मुलीला सवयीने विचारलं, "तुझं गाव कुठलं गं?" ती बोटं मोजायला लागली. जन्म कॅन्ससचा, बालवाडी कोरियात, दुसरी टेक्ससला. "यातलं कुठलं सांगू?" मग मी "याआधी कुठे होतीस?" असं विचारायला लागले. त्याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं.

२. तळावर संध्याकाळी पाचला झेंडा उतरवायचा बिगुल वाजला की असाल तिथे थांबायचं. मोटारीसुद्धा थांबतात. पहिल्या दिवशी मी पिशव्या सावरत तशीच चालत राहिले. समोर माझ्याच वर्गातली पोर छातीवर हात ठेवून उभी होती. तिने नुसते डोळे वटारले.

३. घाबरलेल्या मुलाला धीर देण्यापेक्षा काम द्यावं. नोव्हेंबर १९९० मध्ये अमेरिकी फौजेच्या जर्मनीतल्या सातव्या कोरला सौदी अरेबियाला जायचा हुकूम आला आणि नाताळच्या आसपास वर्गातल्या बहुतेकांचे वडील गेले. काहींच्या आयाही गेल्या. दोघंही फौजेत असतील, तर मूल कुणाकडे राहील याचा कागद आधीच भरलेला असतो. त्यामुळे दोन मुलं शेजाऱ्यांकडून डबा घेऊन यायची. एक मुलगा सारखा विचारायचा, "आता तिकडे किती वाजले?" मी भिंतीवर दुसरं घड्याळ लावलं, दोन तास पुढचं, आणि ते जुळवायचं काम त्याच्याकडे दिलं. १७ जानेवारीला मध्यरात्रीनंतर इराकवर बॉम्बहल्ले सुरू झाले. सकाळी वर्गात कुणी बोलेना. अपूर्णांक शिकवायचे होते, तेच शिकवले. तो स्टुलावर चढला, घड्याळ एक मिनिट मागे पडलं होतं ते नीट केलं आणि जागेवर जाऊन बसला. धीराचं भाषण मी रात्री जागून लिहिलं होतं. ते पर्समध्येच राहिलं.

४. निरोप जूनपर्यंत लांबवू नये. बदलीचा हुकूम सत्र संपायची वाट बघत नाही. माझ्याकडे दोन मुलांच्या तपासलेल्या वह्या कितीतरी वर्षं पडून होत्या.

५. शाळेचीही बदली होते, फक्त ती परत कुठे रुजू होत नाही. शीतयुद्ध संपलं, फौजा घटल्या. बर्लिनची शाळा १९९४ मध्ये बंद झाली, फ्रँकफर्टची १९९५ मध्ये. आमचीही त्याच सुमारास गेली. माजी विद्यार्थी अजून अधूनमधून भेटतात, पण अमेरिकेतल्या कुठल्यातरी हॉटेलात. मागच्या वेळी घड्याळवाला आला होता. आता त्यालाही नातू आहे आणि तो जपानमधल्या तळावरच्या शाळेत जातो.